नवा संगणक जोडला, पण पडदा काळाच!

जठारपेठेतील आमच्या अभ्यासिकेसाठी वर्गणी जमवून, सुटे भाग आणून आम्ही संगणक जोडला. बटण दाबताच पंखे फिरले, दिवे लागले; पडदा मात्र काळाच! पै-पै करून जमवलेला पैसा वाया गेला की काय, या विचाराने पोटात गोळा आला. विद्यार्थी मित्रांनो, अशा वेळी दुकान गाठण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासावे.

प्रथम मॉनिटरची केबल. वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्यालाच जोडावी, मदरबोर्डला नव्हे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यात चित्र दाखवण्याची सोयच नसते. तेथे कार्ड हवेच.

दुसरे, वीज. 24 पिनांची मोठी जोडणी सहसा सारेच करतात; प्रोसेसरजवळची 8 पिनांची विसरतात. ती नसली तरी पंखे फिरतात, म्हणून फसगत होते.

तिसरे, रॅम. प्लग काढून ती ‘टक्’ आवाज होईपर्यंत दाबावी. एकच पट्टी असल्यास चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवावी. डीडीआर-5 रॅम पहिल्या वेळी काही मिनिटेही घेते. तेवढा धीर धरावा.

अनेक बोर्डांवर ‘सीपीयू’, ‘डीरॅम’, ‘व्हीजीए’ असे छोटे दिवे असतात. जो लागून राहतो, दोष तेथे शोधावा.

आमची चूक दुसऱ्या पायरीवरच सापडली. जोडणी बसवली आणि पडदा उजळला. घाबरून सारेच उपटू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोषाचे कारण नेमके कळते.