स्क्विडच्या दारावरचे किस्से

‘पासवर्डशिवाय इंटरनेट नाही’ ही पाटी फुलंब्रीच्या त्या कॉलेजात सगळ्यांनी वाचली. आम्ही बसायचो पाटीमागे, स्क्विड नावाच्या प्रॉक्सी सर्व्हरपाशी. लॅबमधला प्रत्येक पीसी ३१२८ पोर्टवरून त्याच्याच दारातून बाहेर पडायचा.

स्क्विड नियम वरून खाली वाचतो. पहिला जुळला की तिथेच निकाल, पुढचं तो बघतही नाही. स्कॉलरशिपच्या ऐन दिवसांत कुणीतरी महाडीबीटीला परवानगी देणारी ओळ घातली, पण ‘सगळ्यांना मनाई’ या ओळीच्या खाली. फाइल बिनचूक, एरर शून्य, पोर्टल बंद. वडोद बाजार, बाबऱ्याहून एसटीने आलेली पोरं ताटकळत उभी. बोल लागला लाइनवाल्याला. त्याने पार खांबापासून वायर बदलली. तेवढ्यात इकडे ओळ वर सरकवली आणि फॉर्म उघडले. लाइनवाला आजही सांगतो, दोष वायरचाच होता.

मग लॉगिनची भानगड. सायन्सवाले म्हणायचे कॉमर्सवाले पासवर्ड वाटतात, कॉमर्सवाले नेमकं उलटं. अॅक्सेस लॉग काढला, तर लॅबभर एकच नाव: प्राचार्यांचं! एका लॉगिनला दोनच आयपी, असा कडक नियम लावला. असा नियम आधी आलेल्याला आत ठेवतो आणि मुदत संपेपर्यंत नव्या आयपीला अडवतो. पोरं सकाळीच बसलेली. बाहेर राहिले साहेब. केबिनमध्ये बोलावणं आलं, तेव्हा कळलं की प्रथम वर्षाची खाती तयार नव्हती म्हणून पासवर्ड त्यांनीच दिला होता. त्याच दिवशी बसून सगळी खाती उघडली. हे काम प्रवेशाच्याच दिवशी व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जिव्हारी लागला तो आळंदच्या एका मुलीचा किस्सा. दुपारनंतर प्रथम वर्षाला मनाई होती. पण मनाईच्या ओळीत शेवटची अट युजरच्या नावाची असली, की स्क्विड सरळ ‘नाही’ म्हणत नाही. दुसरं कुणाचं लॉगिन असेल या आशेने पुन्हा पासवर्डच मागतो. लॉगमध्ये ४०७ ची, म्हणजे ‘आधी पासवर्ड द्या’ या उत्तराची, रांग लागलेली. ती बिचारी रोज येऊन पासवर्ड बदलून घ्यायची. ओळीच्या शेवटी ‘ऑल’ हा एक शब्द जोडला, तेव्हा कुठे तिला मनाईचं स्वच्छ पान दिसलं. वहीच्या मागच्या पानावर तिने खोडलेल्या पासवर्डांपैकी एकही चुकलेला नव्हता.