अंबाडी, गांजा आणि आपला मेंदू

'गांजा' हा शब्द हॉस्टेलमध्ये साधारण दोनच प्रकारे ऐकू येतो. मुलं म्हणतात, "अरे, झाडपालाच आहे, नॅचरल आहे, सिगारेटपेक्षा बरा." आणि मोठी माणसं म्हणतात, "एकदा ओढलास की थेट वेड्यांच्या दवाखान्यात!" दोन्ही बाजूंना अर्धीच माहिती असते. त्यातली दुसरी बाजू जास्त नुकसान करते असं मला वाटतं. कारण ज्याने एकदा ओढून पाहिलं आणि जो वेडा झाला नाही, तो मग मोठ्यांच्या खऱ्या सूचनाही ऐकेनासा होतो. म्हणून हा लेख. ना जाहिरात, ना धमकी.

माझं गाव नळदुर्ग. किल्ला, पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा यांच्यामुळे बहुतेकांना माहीत असेल. पण पुणे-सोलापूर-हैदराबाद हायवेसुद्धा आमच्या गावावरूनच जातो. आंध्र-ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगरातून पुण्या-मुंबईकडे जाणारा गांजा या रस्त्याने येतो आणि पकडला गेल्याच्या बातम्या पेपरात छापून येतात. म्हणजे हा विषय फक्त गोव्याचा किंवा सिनेमातला नाही, आपल्या दारावरून जाणारा आहे.

आधी झाड ओळखू या

इंग्रजीत 'हेम्प' म्हटलं की आपल्याकडे तीन वेगळ्या झाडांचा घोळ होतो. पहिली आपली अंबाडी, जिची आंबट भाजी आपण ज्वारीच्या भाकरीबरोबर खातो. तिला इंग्रजीत 'डेक्कन हेम्प' म्हणतात. दुसरा ताग, म्हणजे 'सन हेम्प', जो शेतात हिरवळीचं खत म्हणून गाडतात. या दोघांचा नशेशी काहीही संबंध नाही, दोरखंडाचा आहे. तिसरं झाड गांजाचं, शास्त्रीय नाव कॅनाबिस सतिवा.

अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे 'कॅनाबिससारखी जास्वंद'. हे नाव पडलं ते पानांच्या सारखेपणामुळे. फरक ओळखणं मात्र सोपं आहे. अंबाडीचं पान एकच असतं, त्याला बोटांसारख्या फाका पडलेल्या असतात. गांजाच्या पानाच्या देठावर पाच-सात सुट्या, करवतीसारख्या कडांच्या पात्या असतात. अंबाडीला जास्वंदीसारखं मोठं फूल येतं. गांजाचा फुलोरा हिरवट, बारीक आणि बिनपाकळ्यांचा.

गांजात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीच्या फुलोऱ्यावर बारीक केसांसारख्या ग्रंथी असतात आणि त्यांतून चिकट राळ येते. नशेचं रसायन मुख्यतः या राळेत असतं. वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा, नुसती राळ म्हणजे चरस, आणि पानं वाटून केलेली ती भांग. झाड एकच, माल तीन.

सतिवा की इंडिका?

लिनियसने १७५३ मध्ये 'कॅनाबिस सतिवा' हे नाव दिलं. सतिवा म्हणजे फक्त 'लागवडीचं'. पुढे लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या झाडाला 'कॅनाबिस इंडिका' म्हटलं. आज मुलं सांगतात की सतिवाने डोकं तरतरीत होतं, अभ्यास होतो, आणि इंडिकाने झोप येते. ऐकायला छान आहे, पण रासायनिक तपासणीत हे टिकत नाही. इतका संकर झाला आहे की सतिवाच्या लेबलखाली काय रसायन निघेल हे लेबलवरून सांगता येत नाही. आणि आपल्याकडे तर कागदाच्या पुडीवर लेबलही नसतं! आपण लॅबमध्ये साधा ट्रान्झिस्टरसुद्धा डाटाशीट बघितल्याशिवाय लावत नाही. इथे मात्र डाटाशीट नसलेला माल थेट मेंदूला लावायचा?

मालाचा जोरही बदलता आहे. नशा आणणाऱ्या मुख्य रसायनाला टीएचसी म्हणतात. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात त्याचं प्रमाण १९९५ मध्ये साधारण ४ टक्के होतं, ते २०१४ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. "आमचे आजोबा चिलीम ओढायचे, काही झालं नाही" हे म्हणताना आजोबांचा माल आणि आजचा माल एकच धरू नका.

मेंदूत नेमकं काय होतं?

टीएचसीची रचना गाओनी आणि मेशुलम या शास्त्रज्ञांनी इस्रायलमध्ये १९६४ साली उलगडली. मग प्रश्न आला की मेंदूत या रसायनासाठी कुलूप आहे कशाला? तो रिसेप्टर १९८८ मध्ये सापडला. १९९२ मध्ये त्या कुलपाची मेंदूने स्वतः बनवलेली किल्लीही सापडली. तिचं नाव ठेवलं 'आनंदामाइड', आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून.

ही किल्ली काय करते? साधी निगेटिव्ह फीडबॅक लूप आहे. एक पेशी दुसरीला सिग्नल पाठवते. सिग्नल जास्त झाला की घेणारी पेशी उलट दिशेने निरोप पाठवते, "बस, आवाज कमी कर." जिथे गरज तिथे, तेवढ्यापुरता. टीएचसी हेच बटण सगळीकडे एकदम दाबतं आणि बराच वेळ दाबून ठेवतं. स्मरणशक्तीच्या भागात दाबलं गेलं की आत्ता वाचलेलं लक्षात राहत नाही. तोल सांभाळणाऱ्या भागात दाबलं की हालचाल ढिली होते. भुकेच्या केंद्रात दाबलं की रात्री दोनला मॅगी लागते. वेळ लांबल्यासारखा वाटतो, डोळे लाल होतात, तोंड कोरडं पडतं, छातीत धडधडतं. कुणाला हसू येतं, तर कुणाला जबरदस्त भीती वाटते.

श्वासावर ताबा ठेवणाऱ्या भागात मात्र हे रिसेप्टर फार कमी आहेत. त्यामुळे अफू-हेरॉइनसारखा श्वास थांबून मृत्यू सहसा होत नाही. हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण नशेत हायवेवर बाइक चालवणाऱ्याला ही माहिती वाचवणार नाही.

चिलीम वेगळी, घोटा वेगळा

धूर फुप्फुसातून काही मिनिटांत मेंदूत पोचतो आणि दोन-तीन तासांत असर उतरू लागतो. भांग पोटातून जाते, म्हणून असर दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात, आणि लिव्हरमध्ये टीएचसीचं आणखी जोरदार रसायन बनतं. महाशिवरात्रीला किंवा होळीला नेमकं हेच फसतं. "काहीच होत नाही" म्हणून पोरगं दुसरा ग्लास घेतं, मग दोन्ही एकदम चढतात आणि रात्रभर उतरत नाहीत. शिवाय टीएचसी चरबीत विरघळतं, म्हणून रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक आठवडे सापडू शकतं.

वेड लागतं का?

हा प्रश्न जुना आहे. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं. आपलं नळदुर्ग तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि शेजारी इंग्रजी मुलखात, नगर जिल्ह्यात, गांजाची शेती उघड होत असे. कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांत १८९२ साली दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे 'कारण: गांजा-भांग' असं लिहिलेलं होतं. एकेक केस तपासल्यावर ९८ उरल्या. बाकी ठिकाणी कारणाचा रकाना नुसता अंदाजाने भरलेला! शेवटी कमिशनने सांगितलं की माफक वापराने बहुतेकांचं फारसं बिघडत नाही, अतिरेकाने बिघडतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. २२२ मधून ९८ उरल्या, शून्य नाही. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी माहिती घेतलेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षं पाठपुरावा केला. त्याचा निकाल १९८७ मध्ये आला. ज्यांनी भरतीपूर्वी पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतला होता त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होतं. एका अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, आणि त्या गटातलेही बहुतेक जण आजारी पडले नाहीत. पण पुढचे अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतात. लवकर सुरुवात, रोजचा वापर, जोरदार माल आणि घरात मानसिक आजार असणं, या चार गोष्टी जुळल्या की धोका वाढतो. मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते. आपण सगळे त्याच वयातले आहोत. आणि वेड नाही लागलं तरी सवय लागू शकते. घेणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला ती लागते. मग सोडताना झोप उडते, चिडचिड होते, जेवण जात नाही.

कायदा आणि रूममेट

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय भांगही चालत नाही. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प प्रमाण' धरला जातो, पण त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे मित्राची पुडी आपल्या कपाटात ठेवणं ही दोस्ती नाही.

याच कायद्यात कलम ६४-अ आहे, ते फार कुणाला माहीत नसतं. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या केसमध्ये व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. कायद्यालासुद्धा आजारी आणि गुन्हेगार यांतला फरक कळतो. आपल्यालाही कळायला हवा.

म्हणून वॉर्डन आणि शिक्षकांना नम्र विनंती, खोलीत पुडी सापडली की पहिला प्रश्न "कुणी आणली?" याऐवजी "किती दिवसांपासून?" हा विचारा. आणि मित्रांनो, रूममेट लेक्चर बुडवून दिवसभर पडून राहत असेल, "सगळे माझ्याबद्दलच बोलतात" असं म्हणत असेल, कुणी नसताना आवाज ऐकत असेल, तर त्याची थट्टा करू नका आणि "उतरेल आपोआप" म्हणून सोडूही नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे सरकारी नंबर आहेत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे.

झाड चांगलं नाही की वाईट नाही. त्याच्याच कमी टीएचसीच्या जातीपासून धागा निघतो, आणि त्याच्यातल्याच सीबीडी या नशा न आणणाऱ्या रसायनाचं औषध लहान मुलांच्या गंभीर फिट्सवर अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. पण ते औषध मोजून, तपासून, बाटलीवर लिहून मिळतं. पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं. इंजिनिअरला एवढा फरक पुरेसा असावा.