मेडशीचे उत्पन्न कोणाच्या खात्यावर?

देशाच्या हद्दीत वर्षभरात जे पिकले, घडले आणि सेवेतून मिळाले, त्याचे मोल म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादन. रहिवाशांनी परदेशातून कमावलेली मजुरी, व्याज व नफा त्यात मिळवला आणि परकीयांनी येथून नेलेला वजा केला, की स्थूल राष्ट्रीय उत्पन्न हाती येते. पश्चिम आफ्रिकेतील घाना हा सोने उत्पादनात त्या खंडात आघाडीवर असलेला देश; मात्र तेथील बहुतेक मोठ्या खाणी परकीय कंपन्यांच्या आहेत. सोने घानाच्या उत्पादनात मोजले जाते, नफ्याचा मोठा वाटा बाहेर जातो. दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या संपत्तीचा जो ओघ दाखवला, त्याचेच हे हिशेबी रूप म्हणता येईल.

हाच हिशेब आता जिल्ह्याला लावून पाहू. अकोला-वाशीम रस्त्यावरचे मेडशी हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. जिल्ह्याचे उत्पन्न राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढते, पण ते फक्त ‘अंतर्गत’ असते. बँका, विमा अशा काही क्षेत्रांत तर राज्याचाच आकडा कामगारसंख्येसारख्या निर्देशकांवर जिल्ह्यांत वाटला जातो. मेडशीचा मजूर पुण्यात चार महिने बांधकामावर राबला, तर त्याची मजुरी पुण्याच्या उत्पादनात धरली जाते. वाशीम हा देश असता, तर हंगामी कामगाराची ही मजुरी त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नात आली असती. पुण्यातच स्थायिक झालेल्या मुलाने घरी पाठवलेले पैसे मात्र तेव्हाही त्यात आले नसते. सांख्यिकीच्या नियमांत ते हस्तांतरण ठरते. घरच्या चुलीला हा भेद कळत नाही.

वाढीच्या दराचे कोडे याहून अवघड आहे. वाशीमची शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर, खरिपात सोयाबीन आणि तूर. एका वर्षी पीक बुडाले की पुढच्या वर्षीचे साधे पीकही मोठी झेप वाटते. शिवाय वाढ स्थिर किमतींत, म्हणजे एका ठरलेल्या आधारवर्षाच्या भावांनी, मोजतात. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला होता. २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये असताना काढणीच्या दिवसांत अनेक बाजार समित्यांत भाव त्याच्याही खाली होते. पोती वाढली असतील तर आकडा वाढच दाखवतो, शेतकऱ्याच्या हाती कमी पैसे आले तरी.

घानातील कोको उत्पादकांची गत याच्या उलट झाली. २०२३-२४ च्या हंगामात पीक घटले आणि डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला; पण शेतकऱ्याचा भाव तेथे सरकारी कोको मंडळाच्या व्यवस्थेत ठरतो, त्यामुळे तेजीचा पूर्ण लाभ त्याला मिळाला नाही.

कधी वाढ नुसती मोजणीतूनच येते. नोव्हेंबर २०१० मध्ये घानाने आधारवर्ष १९९३ ऐवजी २००६ घेतले आणि अर्थव्यवस्था सुमारे ६० टक्क्यांनी मोठी ठरली. एप्रिल २०१४ मध्ये नायजेरियाचे उत्पादन अशाच फेरमोजणीत ८९ टक्क्यांनी वाढून दक्षिण आफ्रिकेच्या पुढे गेले. हा बनाव नव्हता. मोबाइल सेवा, चित्रपट यांसारखे नवे व्यवसाय जुन्या चौकटीत नीट मोजलेच जात नव्हते. तरी त्या दिवशी कोणाच्या घरात एक पैसाही जास्त आला नाही. कागदावर मध्यम उत्पन्न गटात गेलेल्या घानाने डिसेंबर २०२२ मध्ये परकीय कर्जाच्या बऱ्याच भागाची परतफेड थांबवली.

वाशीमच्या दरडोई उत्पन्नाचा आकडा वाचताना म्हणूनच त्याचे आधारवर्ष, आदल्या वर्षीचा पाऊस आणि सोयाबीनचा भाव या तीन गोष्टी शेजारी ठेवाव्यात. बाहेरगावी गेलेल्यांची कमाई त्यात नाही, हेही ध्यानात असू द्यावे.