विक्रांत भंगारात गेली, पण अमेरिकेतल्या तळ्यांवरची मालवाहू जहाजं लोकांनी कशी जपली?

आयएनएस विक्रांत आठवते ना? १९७१ चं युद्ध गाजवलेली ही युद्धनौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. मग मुंबईत तिचं म्युझियम झालं. पण देखभालीचा खर्च काही झेपेना. शेवटी २०१४ मध्ये तिचा लिलाव झाला आणि ती भंगारात निघाली.

युद्धनौकेची ही गत, तर लोखंड आणि कोळसा वाहणारं जहाज कोण जपणार? पण अमेरिकेत लोकांनी ते करून दाखवलंय. तेही समुद्रातल्या नाही, गोड्या पाण्यातल्या जहाजांसाठी.

तळ्यात एवढी मोठी जहाजं?

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर पाच महासरोवरं आहेत. त्यातलं एकटं लेक सुपिरियर जवळपास ८२ हजार चौरस किलोमीटरचं. म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागापेक्षा मोठं. मिनेसोटातलं लोहखनिज जहाजात भरायचं आणि क्लीव्हलँडसारख्या शहरांतल्या स्टीलच्या कारखान्यांपर्यंत पोचवायचं, हा इथला मुख्य धंदा. सुपिरियरची पातळी लेक ह्युरॉनपेक्षा सुमारे २१ फूट वर आहे. त्यामुळे १८५५ मध्ये इथं 'सू लॉक्स' बांधले. जहाज आत घ्यायचं, दारं बंद करायची आणि पाणी कमी-जास्त करून जहाज खाली-वर न्यायचं. ही वाट मोकळी झाली आणि धंदा वाढला.

आता गंमत बघा. खारं पाणी लोखंड खातं, गोडं पाणी त्यामानाने सांभाळून घेतं. म्हणून इथली जहाजं प्रचंड टिकतात. १९०६ मध्ये बांधलेलं 'सेंट मेरीज चॅलेंजर' २०१३ पर्यंत स्वतःच्या इंजिनावर चालत होतं!

मग जपलं काय?

डुलुथ शहरात १९३८ चं 'विल्यम ए. आयर्विन' उभं आहे. १९७८ मध्ये त्याचं काम थांबलं, १९८६ पासून ते म्युझियम आहे. समोरच्याच सुपिरियर गावात 'मीटिऑर' आहे, १८९६ चं. व्हेलच्या पाठीसारखा गोल डेक असलेल्या जहाजांपैकी जगात उरलेलं हे एकमेव.

पण इथल्या लोकांना सगळ्यात जास्त हळवं करणारं नाव म्हणजे 'एडमंड फिट्झगेराल्ड'. ७२९ फुटांचं हे जहाज १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात लेक सुपिरियरमध्ये बुडालं. जहाजावरचे सगळेच्या सगळे २९ जण गेले. एकाचाही मृतदेह हाती लागला नाही.

जहाज आजही सुमारे ५३० फूट खोल पडून आहे. १९९५ मध्ये त्याची घंटा वर काढली आणि तिच्या जागी २९ नावं कोरलेली दुसरी घंटा ठेवली. मूळ घंटा व्हाइटफिश पॉइंटच्या म्युझियममध्ये आहे. दरवर्षी १० नोव्हेंबरला स्प्लिट रॉकचं जुनं दीपगृह या खलाशांसाठी पेटवलं जातं.

सगळंच वाचलं का?

नाही. 'जे. बी. फोर्ड' हे १९०४ चं जहाज १९०५ आणि १९१३ च्या भयंकर वादळांतून वाचलं होतं. ते जपायला लोक पुढेही आले. पण म्युझियम करायचा खर्च आवाक्याबाहेरचा होता. अखेर २०१५ मध्ये ते भंगारवाल्याकडे ओढत नेलं. वादळांना पुरून उरलेलं जहाज हिशेबात बुडालं.

पाण्याखालचा ठेवाही धोक्यात आहे. थंड, गोड्या पाण्यात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची लाकडी जहाजं अजून शाबूत आहेत. पण बाहेरून आलेल्या क्वागा शिंपल्यांचे थरच्या थर लेक मिशिगन आणि लेक ह्युरॉनमधल्या या अवशेषांवर चढतायत. म्हणून शिंपल्यांनी झाकून जायच्या आत त्यांची नोंद करायची धडपड सुरू आहे.

यातून आपण काय घ्यायचं?

जहाज जपायला नुसतं प्रेम पुरत नाही. दरवर्षी रंग, डागडुजी आणि त्यासाठी पैसा लागतो. डुलुथमध्ये आजही मालवाहू जहाज आलं की कालव्याच्या काठावर गर्दी जमते. जहाज भोंगा वाजवतं, पूलही भोंग्यानेच उत्तर देतो आणि पोरं हात हलवतात. ज्या गावाला आपल्या जहाजांची नावं पाठ असतात, तिथं तिकीट काढून जुनं जहाज बघायला जाणारेही सापडतात. विक्रांतला नेमका हाच आधार कमी पडला.