वकील शोधताय? आधी हे विचारा!

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाबाहेर दोघींशी बोलले. एकीची वकीलबाई फोन उचलते, पुढच्या तारखेला काय होणार ते आधीच समजावते. दुसरीने फी पूर्ण भरलीये, पण तारखेला येतो तो ज्युनिअर, आणि त्याला केसच माहीत नसते!

उद्या ताईवर किंवा मैत्रिणीवर अशी वेळ आली, तर? फी एकरकमी की तारखेप्रमाणे, हे आधीच लिहून घ्या. पावती मागा. मूळ कागद स्वतःकडे ठेवून झेरॉक्स द्या.

आणि पैसेच नसतील तर? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. हे कित्येकींना माहीतच नसतं. सांगाल ना?