घर विकायचंय? आधी ते रस्त्यावरून पाहा

बंगला किंवा रो-हाउस बघायला आलेला माणूस आत येण्याआधी फाटकाशी उभा असतो. कुरकुरणारं गेट, कुंपणाच्या भिंतीवरचं शेवाळ, सुटलेले पोपडे त्याला तिथेच दिसतात. 'बाहेर ही अवस्था, तर आतलं प्लंबिंग कसं असेल?' ही शंका एकदा आली की तो भाव पाडूनच बोलतो. ती येऊ नये म्हणून काय करावं?

आधी पाणी, मग रंग

रंगाऱ्याला बोलावण्याआधी पाणी कुठे मुरतंय ते शोधा. तुंबलेली पन्हळ, गळका पाइप, छज्जाची भेग ही नेहमीची ठिकाणं. भिंतीवर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसत असेल तर आतली ओल क्षार बाहेर आणते आहे. त्यावर दिलेला रंग थोड्याच दिवसांत फुगतो. भिंतीत उगवलेला पिंपळ नुसता छाटला तर पुन्हा फुटतो. मूळ काढून भेग बुजवावी लागते.

बाहेरचा रंग पावसाळ्यानंतर, भिंती नीट वाळल्यावरच द्यावा. गुढीपाडव्याच्या सुमारास घर दाखवायचं असेल तर दिवाळीनंतरचे कोरडे महिने कामाला उत्तम. पैसे मोजकेच असतील तर दर्शनी भिंत, कुंपण आणि गेट एवढंच घ्या. गेटचा गंज घासून रेड ऑक्साइड प्रायमर लावा, वर ऑइल पेंट द्या आणि बिजागऱ्यांना तेल घाला.

अंगण मोकळं करा

जुन्या फरश्या, रिकामे ड्रम, बंद पडलेली स्कूटर हलवली की तेच अंगण मोठं दिसतं. महागडी हिरवळ लावू नका. घेणारा बहुधा तिथे गाडी कुठे लागेल हेच बघतो. चार टवटवीत कुंड्या आणि दारातला चालू दिवा पुरे. शहरी भागात अंगणातलं झाड तोडायचं असेल, तर १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड आपल्या मालकीचं असलं तरीही!

सजवणं वेगळं, लपवणं वेगळं

गळती तशीच ठेवून वर रंग मारण्याचा मोह अनेकांना होतो. पण मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर त्याने तो सांगायला हवा. वेगळा करार झालेला नसेल तर ही जबाबदारी विकणाऱ्यावरच असते. दोष लपवून झालेला व्यवहार पुढे कोर्टात जाऊ शकतो.

म्हणून दुरुस्तीआधीचे फोटो आणि कामाची बिलं जपून ठेवा. 'इथे गळत होतं, हे काम करून घेतलं' असं सांगून बिल पुढे ठेवणाऱ्या मालकाशी घासाघीस करणं समोरच्याला जड जातं.