हेक्टर, आर आणि अंगठा

ऑगस्टमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात भाताची आवणी उरकलेली असते, उतारावरच्या जमिनीत नागली-वरई उभी असते आणि पाऊस मात्र उसंत घेत नाही. नेमक्या याच दिवसांत खरिपाची ई-पीक पाहणी चालते. शेतकऱ्यानं स्वतःच्या गटात उभं राहायचं, मोबाइलमधल्या अ‍ॅपवर पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन आणि लागवडीची तारीख भरायची, मग उभ्या पिकाचा फोटो काढायचा. 15 ऑगस्ट 2021 रोजी ही पद्धत राज्यभर सुरू झाली. तोवर जी नोंद तलाठी करत, ती करण्याची सोय शेतकऱ्याकडे आली. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई अशा अनेक कामांत सातबाऱ्यावरची ही नोंद पाहिली जाते, म्हणून तिच्यातला एखादा आकडाही चुकून चालत नाही.

आता हे काम करणाऱ्या हाताकडे पाहावं. बोटं ओली, कधी चिखलानं भरलेली. दुसऱ्या हातात छत्री. आजच्या मोबाइलचा पडदा दाबानं चालत नाही, बोटाच्या स्पर्शानं होणारा विद्युतभारातला बारीक बदल तो ओळखतो. पाण्याचा थेंबही तसाच बदल घडवतो. त्यामुळे पावसात पडदा न केलेला स्पर्श झाला असं मानतो आणि केलेला स्पर्श कधी कधी हुकतो. शहरातल्या कोरड्या, वातानुकूलित खोलीत बसून बनवलेलं छोटंसं बटण इथं फार त्रास देतं. बोटानं दाबायची जागा किती मोठी हवी याचे ठोकताळे कंपन्यांनी दिलेले आहेत: अँड्रॉइडवर किमान 48 डीपी (पडद्यावरच्या मापाचं एकक), म्हणजे साधारण 9 मिलिमीटर, आणि आयफोनवर 44 पॉइंट. पेठच्या पावसात याहून मोठी जागा दिली तर कुणाची तक्रार येणार नाही.

अ‍ॅपचा पडदा सुट्या भागांतून जोडलेला असतो. बटण, मजकुराची चौकट, यादी, तारीख निवडण्याचं कॅलेंडर, चालू-बंदची कळ. या भागांना डेव्हलपर कंपोनंट म्हणतात. अँड्रॉइड आणि आयओएस यांच्याबरोबर हे भाग तयार मिळतात, त्यांची वर्षानुवर्षं चाचणी झालेली असते आणि बहुतेक अ‍ॅपचं काम त्यांच्यावर उत्तम भागतं. पण काही कामं अशी असतात की तयार भागांपैकी एकही त्यांना नीट बसत नाही. तेव्हा डेव्हलपरला स्वतःचा भाग घडवावा लागतो. त्याला कस्टम कंपोनंट म्हणतात.

असाच एक भाग पाहू. यादी खाली ओढली की नवी माहिती येते, ही सवय आज सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. ती लॉरेन ब्रिक्टर या एकट्या डेव्हलपरनं ट्विटी नावाच्या आपल्या अ‍ॅपसाठी घडवली. ट्विटरनं 2010 मध्ये ते अ‍ॅप विकत घेतलं आणि 2012 मध्ये अ‍ॅपलनं आयओएस 6 मध्ये तसाच भाग तयार मालात घालून दिला.

मराठीतलं याहून मोलाचं उदाहरण आयआयटी मुंबईत घडलं. तिथल्या आयडीसी या डिझाइनच्या विभागातले प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी भारतीय लिप्यांत टंकलेखन सोपं कसं होईल यावर बरीच वर्षं काम करत होते. 2004 मध्ये त्यांनी वर्णमालेच्या क्रमानं अक्षरं मांडलेला 'कीलेख' हा कळफलक मांडला होता. पुढे टचस्क्रीन फोन आले. इंग्रजीच्या 26 अक्षरांसाठी बनलेल्या चौकटीत देवनागरी कोंबायची, तर व्यंजनं, स्वर, मात्रा आणि जोडाक्षरं मिळून कळा अपुऱ्या पडतात. मग दुसरा पडदा, तिसरा पडदा, शिफ्टची कळ. 2013 मध्ये आलेल्या 'स्वरचक्र' या कळफलकानं हा गुंता वेगळ्या बाजूनं सोडवला.

त्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. पडद्यावर क, ख, ग, घ असे शाळेत शिकलेल्या क्रमानं व्यंजनं आहेत. 'क'वर बोट टेकवलं की बोटाभोवती एक चक्र उमलतं आणि त्यात का, कि, की, कु, कू, के असे पर्याय गोल मांडलेले दिसतात. बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवायचं आणि सोडायचं. बोट जागच्या जागी उचललं तर नुसता 'क' उमटतो. जोडाक्षरासाठी चक्रातला हलन्ताचा पर्याय घ्यायचा, की उरलेल्या कळांवर जोडाक्षरं कशी दिसतील ते आधीच दिसतं. मात्रा कुठल्या कळेवर आहे हे पाठ करायची गरजच उरत नाही. ज्याला बाराखडी येते त्याला हा कळफलक बराचसा आधीच येत असतो. लिपीची रचना ओळखून तिच्याबरहुकूम भाग घडवला, म्हणून हे साधलं.

प्रोग्रामच्या पोटात यासाठी तीन क्षण सांभाळावे लागतात: बोट टेकलं, बोट सरकलं, बोट उचललं. टेकताच चक्र काढायचं. सरकताना, बोट मूळ जागेपासून किती दूर आणि कुठल्या कोनात गेलं ते मोजायचं; त्या कोनावरून मात्रा ठरते. उचलताच अक्षर उमटवायचं. अंतर फारच थोडं असेल तर ती नुसती थरथर मानून सोडून द्यायची. ही मर्यादा किती ठेवावी हे पुस्तकात सापडत नाही. माणसांना लिहायला बसवून, त्यांच्या चुका पाहूनच ती ठरवावी लागते.

अँड्रॉइडवर असा कुठलाही भाग पडद्यावर येण्याआधी तीन टप्पे पार करतो. आधी त्याला किती जागा लागेल ते मोजलं जातं, मग त्याची जागा ठरते, मग तो रेखाटला जातो. हालचाल गुळगुळीत दिसायला पडदा सेकंदाला 60 वेळा नवा काढावा लागतो, म्हणजे प्रत्येक चित्राला जेमतेम 16 मिलिसेकंद मिळतात. रेखाटनाच्या टप्प्यात जड हिशेब घातले, की महागड्या फोनवर काही जाणवत नाही, पण स्वस्त किंवा जुना फोन अडखळतो. जेटपॅक कंपोज, स्विफ्टयूआय, फ्लटर अशा नव्या साधनांनी लिहिण्याचा व्याप कमी केला आहे. वेळेचं बंधन मात्र त्यांनाही चुकलेलं नाही.

पुन्हा पेठच्या शेताकडे वळू. कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांच्या या डोंगराळ तालुक्यात एका गटात एकच पीक असेलच असं नाही. खाली खाचरात भात, वर उतारावर नागली आणि वरई, एखाद्या तुकड्यावर खुरासणी किंवा उडीद. ई-पीक पाहणीत यासाठी मिश्र पिकाचा पर्याय आहे. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरायचं असतं, पण बोलण्यात एकर-गुंठे असतात. 100 आरचा एक हेक्टर, 40 गुंठ्यांचा एक एकर आणि एक एकर म्हणजे सुमारे 40.47 आर. कुठल्याही अ‍ॅपमध्ये आकड्याची साधी तयार चौकट दिली, तर दशांश चिन्हाचा सापळा उभा राहतो: 4 आर लिहायचे म्हणजे 0.04, आणि 0.4 लिहिलं की झाले 40 आर. एका शून्यानं क्षेत्र दहापट होतं.

अशा कामासाठी वेगळा भाग घडवता येईल. गटाचं क्षेत्र दाखवणारी एक आडवी पट्टी, समजा 60 आरची. बोटानं दुभाजक सरकवत तिचे तुकडे पाडायचे: नागली 30, वरई 15, खुरासणी 10, उरलेली 5 आर पड. पट्टीखाली त्याच वेळी एकर-गुंठ्यांचा आकडा बदलत राहील. बेरीज गटाबाहेर जाण्याचा प्रश्नच येणार नाही. दशांश चिन्ह कुठंच नाही.

कल्पना सुंदर वाटते, पण हिशेब मांडला की तिची अडचण दिसते. नेहमीच्या फोनची रुंदी सुमारे 360 डीपी असते. कडेची जागा सोडली तर पट्टीला 300 मिळतील. 60 आरला 300, म्हणजे एका आरला 5 डीपी. बोटाला 48 लागतात. म्हणजे अंगठ्याखाली एका वेळी नऊ-दहा आर झाकले जातात आणि नेमका एक आर पकडणं कुणालाही जमणार नाही. म्हणून पट्टीनं ढोबळ वाटणी आणि प्रत्येक पिकासमोर अधिक-उणेची ठसठशीत बटणं, अशी जोड द्यावी लागेल. गट पाच हेक्टरचा असेल तर पट्टी जवळपास निकामीच. तिथं आकडे भरण्याचीच सोय हवी. असे हिशेब आधी कागदावर करणारा डेव्हलपर पुढचे अनेक आठवडे वाचवतो. त्याहून चांगलं म्हणजे तीच पट्टी कागदावर काढून शेतकऱ्यांच्या हातात पेन्सिल द्यावी आणि ते तुकडे कसे पाडतात ते पाहावं.

तयार भाग न वापरण्याची किंमत पुढे मोजावी लागते, कारण तयार भाग न सांगता बरंच काही करत असतो. अंध व्यक्ती अँड्रॉइडवर टॉकबॅक वापरतात. बोट फिरेल तिथला मजकूर फोन वाचून दाखवतो. तयार बटण स्वतःचं नाव सांगतं. हातानं रेखाटलेली पट्टी मात्र टॉकबॅकला नुसता रंगीत आयत वाटते आणि तो गप्प राहतो. 'नागली, 30 आर' हे त्यानं म्हणावं आणि तो आकडा बोटाच्या खुणेनं वाढवता यावा, यासाठी वेगळी व्यवस्था लिहावी लागते. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून कुणी फोनची अक्षरं मोठी केलेली असतात; घडवलेल्या भागानं त्यांच्याबरोबर वाढायला हवं. मध्येच फोन आला किंवा पडदा आडवा झाला, तर भरलेले आकडे जपून ठेवणं हेही त्याच्याच माथी.

देवनागरीचं एक वेगळं दुखणं आहे. रोमन अक्षरांच्या मापानं ओळीची उंची बांधली की 'वर्षांपूर्वी' या शब्दातला रफार आणि अनुस्वार वरून कापला जातो, दीर्घ ऊकार खालून. अँड्रॉइड अक्षरांच्या वर-खाली थोडी जास्तीची जागा मुळातच सोडतं. इंग्रजीत ती मोकळी दिसते म्हणून डिझायनर काढून टाकतात आणि मराठी वाचकाच्या वाट्याला तुटकी अक्षरं येतात. मराठी अ‍ॅपची पहिली रेखाटनंही मराठी मजकुरावरच व्हायला हवीत. नमुन्याचा इंग्रजी मजकूर घालून केलेल्या रेखाटनात हा दोष दिसतच नाही.

शिवाय हे काम एकदा करून संपत नाही. अँड्रॉइड 15 साठी बांधलेल्या अ‍ॅपना 2024 पासून पडद्याच्या कडेपर्यंत पसरावं लागलं, आणि ज्या भागांनी फोनच्या खालच्या नेव्हिगेशन पट्टीचा हिशेब स्वतः ठेवला नव्हता त्यांची बटणं त्या पट्टीखाली जाऊ लागली. तयार भागांची असली डागडुजी बहुतेक वेळा गूगल आणि अ‍ॅपल करतात. स्वतः घडवलेल्या प्रत्येक भागाची डागडुजी त्याच्या मालकाकडेच राहते, आणि तिच्यासाठी दर वर्षी माणूस आणि पैसा बाजूला काढावा लागतो.